कागदावरचे दोन प्रश्न आणि हलणारी जमीन

तत्त्वज्ञानाच्या माणसाने परिचर्येवर बोलावं का, असं तुमच्या मनात येईल. पण दुसऱ्याचं मन कसं जाणायचं, हा आमच्या विषयातला जुना पेच. आणि नर्सताई तो रोज हातात घेऊन पाड्यावर जातात. म्हणून आज आम्ही एका लहानशा मजकुराची समीक्षा करणार आहोत.

आशाताईंच्या तपासणी-फॉर्ममध्ये मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकी शून्य ते तीन गुण. बेरीज जास्त आली की पुढे पाठवायचं. नऊ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीत झोपेचीही चौकशी येते.

आता हा कागद घेऊन डहाणू-तलासरीत चला. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. हळदपाड्यात घराबाहेर पळण्याच्या धांदलीत एक चिमुरडी दगावली. भर थंडीत माणसं तंबूत, उघड्यावर झोपली. धक्के त्यानंतरही येत राहिले.

समजा, तिथल्या एखाद्या आईला विचारलं, झोप लागते का? ती म्हणेल, नाही. पोराला उचलून पळायचं तर जागं राहायला हवं ना! हे जागरण आजार म्हणायचं की शहाणपण? गुण दोन्हींना सारखेच. कागद ‘किती वेळा’ विचारतो, ‘कशामुळे’ विचारत नाही. हा त्याचा पहिला दोष.

कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञ-मनोवैद्याने १९१३च्या ग्रंथात मनोविकारांबाबत दोन वाटा वेगळ्या केल्या : बाहेरून कारण सांगणं आणि आतून समजून घेणं. दुसरी वाट आम्हाला प्रिय आहे. पण धोकाही तिथेच आहे, बरं का. समजलं की आपलं समाधान होतं. ‘भूकंप होतोय, मग भीती वाटणारच,’ असं म्हणून आपण उठलो. आणि जी बाई धक्के थांबल्यावरही जेवत नाही, पोराकडे बघत नाही, जगून काय करू म्हणते, ती आपल्या सहानुभूतीतूनच निसटली. पाय कशाने मोडला हे कळलं म्हणून हाड जुळतं का?

तेव्हा कागद फाडा, असं आम्ही म्हणणार नाही. कागद नसता तर त्या बाईला कुणी विचारलंच नसतं. आमचं म्हणणं एवढंच, की गुण मांडण्याआधी भिंतीला तडा गेलाय का, रात्री झोपता कुठे, घरातलं कोण वीटभट्टीवर गेलंय, हे विचारा. मग गुण मांडा. आणि मग पाहा : त्याच पाड्यावरच्या शेजारणीही घाबरल्या, पण त्या चुलीपाशी, शेतावर परतल्या, ही का परतली नाही? भीती आहे की नाही यापेक्षा भीतीने काय थांबवलं, हे बघायचं. जीव देण्याची भाषा आली, तर मात्र बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

याला वेळ लागतो. हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२मध्ये परिचर्येचा पाया नर्स आणि रुग्ण यांच्या नात्यात शोधला. आपण मात्र नर्सताईंच्या हाती फॉर्मांचा गठ्ठा देतो आणि संध्याकाळी विचारतो, किती भरले? ज्या ओट्यावर ती अर्धा तास बसली, तो अर्धा तास कामात धरायचा की नाही, हे ठरवायला आपण कधी बसणार?