थोरोची न झालेली चित्रवही

हेन्री डेव्हिड थोरो याच्या रोजनिशीतील पहिली नोंद २२ ऑक्टोबर १८३७ ची आणि अखेरची ३ नोव्हेंबर १८६१ ची. चोवीस वर्षांचे हे लेखन पानगळीत सुरू होऊन पानगळीतच थांबावे, हा योगायोग खरा. परंतु ज्या ऋतूचा ध्यास या लेखकाने सर्वांत दीर्घकाळ घेतला तो हाच ऋतू होय, याविषयी रोजनिशीच्या वाचकास शंका उरत नाही.

या ध्यासातून एक चित्रवही व्हावयाची होती. 'ऑटम्नल टिंट्स' या निबंधाच्या प्रारंभी थोरो तिचा उल्लेख करतो. प्रत्येक झाड, झुडूप, तृण हिरवेपण सोडून रंगाच्या परमावधीस पोहोचेल त्या क्षणी त्याचे एकेक पान घ्यावे, त्याची बाह्यरेखा काढावी, रंग हुबेहूब उतरवावा आणि ही पाने ज्या क्रमाने रंगतात त्याच क्रमाने वहीत लावावी, असा तो संकल्प होता. तो फारसा पुढे गेला नाही, हेही तो तेथेच सांगून टाकतो. १८५९ मध्ये व्याख्यान म्हणून दिलेला हा निबंध त्याने आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, क्षयाने अंथरुणास खिळलेला असताना, छपाईसाठी सिद्ध केला. ६ मे १८६२ रोजी तो निवर्तला. निबंध ऑक्टोबरमध्ये 'अटलांटिक मंथली'त आला.

वही झाली नाही. पण तिचा सांगाडा निबंधात जसाच्या तसा उभा आहे. जांभळी तृणे, लाल मेपल, एल्म, गळलेली पाने, शुगर मेपल आणि शेवटी स्कार्लेट ओक, अशी ही प्रकरणे म्हणजे न रंगविलेली पृष्ठेच. मात्र सर्व पृष्ठे सारख्या तोलाची नाहीत. एल्म लवकर उरकला आहे. स्कार्लेट ओकच्या प्रकरणात मात्र चित्रकाराचा डोळा आणि गद्यकाराची लेखणी यांचा पूर्ण मेळ बसतो. त्या पानाच्या खोल खाचा आणि टोकदार कंगोरे पाहता पाहता थोरोला आखाते आणि भूशिरे असलेले बेट दिसू लागते, आणि वाचक पानाच्या कडेने किनाऱ्यावरून चालावे तसा चालतो. एवढे साधूनही पानाची बाह्यरेखा कोरून निबंधासोबत छापली जावी, असा त्याचा आग्रह होता. शब्द कोठे अपुरे पडतात हे त्याला ठाऊक होते.

शुगर मेपलच्या प्रकरणात तो गावकऱ्यांना झाडे लावण्याचा उपदेश करू लागतो, आणि काही काळ वही विसरली जाते. पण त्याच ओघात एक मार्मिक तक्रार येते. रंगांची नावे दूरदेशींच्या स्थळांवरून आणि व्यापारी वस्तूंवरून यावीत, डोळ्यांसमोरच्या पानांवरून येऊ नयेत, याची त्याला खंत वाटते. मराठीत उतरविताना या तक्रारीची धार बोथट होते, हे अनुवादकाने आधीच ओळखलेले बरे. जांभळा, डाळिंबी, अबोली, नारिंगी, हळदी, केशरी, पोपटी, मोरपंखी, ही नावे फळाफुलांची आणि पाखरांची आहेत. ती लुगड्यांच्या दुकानात आजही नित्य ऐकू येतात. थोरोची मागणी या भाषेने त्याला न विचारताच पुरविली आहे.

याहून मोठी अडचण ऋतूच्या नावाची. 'ऑटम' म्हणजे शरद, हे समीकरण कोशांनी रूढ केले. पण आश्विन-कार्तिकातील शरद म्हणजे निवळलेले पाणी, धुतलेले आकाश आणि पिकांवर आलेले शेत. सह्याद्रीच्या रानातील पानगळ शिशिराची. शिवाय येथे तांबडा रंग प्रामुख्याने उगवण्याचा आहे: कुसुंबाची नवी पालवी रक्तवर्ण असते, पिंपळाची तांबूस. देशी बदामाचे पान गळण्यापूर्वी लाल होते खरे, पण असे अपवाद थोडे. थोरोचा सारा सिद्धांत असा की, पानाचे लाल होणे म्हणजे फळासारखे पिकणे, आणि गळणारी पाने माणसाला मरण कसे पत्करावे हे शिकवितात. हा लाल रंग 'शरदा'त बसविला की मराठी वाचकापुढे चांदणे उभे राहते, मृत्यू नव्हे. 'पानगळ' हा शब्द काव्यमय नसेल, पण तो प्रामाणिक आहे. वॉल्डनला मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनी आपल्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) बारा मराठी महिनेच आधारास घेतले. थोरोचा ऋतू उसना घेतला नाही. त्याच्यापासून त्यांनी पाहण्याची चिकाटी तेवढी घेतली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

थोरोच्या रोजनिशीत मात्र चित्रे आहेत: पाने, पाऊलखुणा, बर्फाच्या आकृती यांची ओबडधोबड रेखाटने. अनेकदा वाक्य मध्येच थांबते आणि उरलेला अर्थ रेखाटन पुरा करते. १९०६ च्या चौदा खंडांच्या आवृत्तीने ही रेखाटने मजकुरात जागच्या जागी छापली, हे तिचे मोठे श्रेय. निवडक उतारे छापणारे संपादक ती गाळतात तेव्हा शोभा कमी होते एवढेच नव्हे. वाक्य पंगू होते. त्याचा मित्र ब्लेक याने १८९२ च्या 'ऑटम' या संकलनात वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकाच तारखेखाली गोळा केल्या, तेव्हा वेगळीच हानी झाली: ऋतू सलग झाला, पण पाहणाऱ्याचे वय हरवले. अर्थात् थोरो स्वतःही उत्तरायुष्यात अनेक वर्षांच्या निरीक्षणांचे महिनावार तक्ते मांडीत होता, म्हणून ब्लेकला सर्वस्वी दोष देता येत नाही.

शेवटच्या नोंदीत एकही रंगीत पान नाही. रात्रभर पूर्वेकडून वादळी पाऊस झाला आहे, दुपारी उघडले आहे, आणि रेल्वेच्या भरावावरील खडीत उमटलेल्या रेघांवरून पाऊस नेमका कोणत्या दिशेने आला हे अंशाच्या लहानशा भागापर्यंत सांगता येते, असे तो लिहितो.