नञर्थाचे भाषांतर : मतिलाल यांचे नव्यन्यायविवेचन

मध्ययुगीन भारतीय तर्कशास्त्र आधुनिक विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांत बिमल कृष्ण मतिलाल (१९३५-१९९१) यांच्या नव्यन्यायातील अभावसिद्धान्तावरील १९६८ च्या इंग्रजी ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. मिथिलेच्या गंगेशाचा 'अभाववाद' आणि नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीचा 'नञ्वाद' यांची भाषांतरे त्यात आहेत.

या ग्रंथाचे बळ असे की, नैयायिकांचा अभाव म्हणजे विधानाला जोडलेले निषेधचिन्ह नव्हे, हे तो स्पष्ट करतो. अभावाला अधिकरण असते, प्रतियोगी असतो आणि ती प्रतियोगिता कोणत्या धर्माने अवच्छिन्न आहे हेही सांगावे लागते. भूतलावर तांबडा घट असता तेथे नीलघटाभाव आहे, घटाभाव नाही. हा भेद अवच्छेदकावाचून सांगता येत नाही.

तथापि भाषांतरित संकल्पना आधुनिक तर्काच्या चिन्हांत बसवू लागताच अडचण उभी राहते. त्या चिन्हांत निषेधाचा निषेध केला की मूळ विधान परत मिळते. घटाभावाचा अभाव म्हणजे घटच, असे मानणारे नैयायिक आहेत; रघुनाथ मात्र तो निराळा अभाव मानतो. ज्या प्रश्नावर परंपरेत खरा वाद आहे, त्याचे उत्तर चिन्हपद्धती आधीच देऊन टाकते.

तौलनिक अभ्यासकाने येथे आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : विवेचनाची भाषा कोणती? 'भूतले न घटः' आणि 'घटो न पटः' या दोन्ही वाक्यांत संस्कृतात एकच 'न' येतो. पहिल्यातील संसर्गाभाव आणि दुसऱ्यातील अन्योन्याभाव विभक्तीवरून ओळखावे लागतात. इंग्रजीतही निषेधवाचक अव्यय एकच आहे. मराठीत मात्र 'भूतलावर घट नाही' आणि 'घट हा पट नव्हे' असा क्रियारूपांचाच भेद उपलब्ध आहे. बोलीत 'नाही' दोन्हीकडे चालते हे खरे. परंतु 'भूतलावर घट नव्हे' असे कोणी म्हणत नाही.

यावरून मराठी ही तर्काला अधिक अनुकूल भाषा ठरते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. नञर्थाचा जो भाग एका भाषेत शास्त्राने उलगडावा लागतो, तो दुसरीत व्याकरणातच अंशतः प्रकट असतो, एवढेच यातून दिसते. मतिलाल यांनी नव्यन्यायाचा संवाद पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी घडवून आणला. तोच संवाद आधुनिक भारतीय भाषांच्या निषेधरचनांशी घडवणे, हे त्यांच्या कार्याचे पुढचे आणि आवश्यक पाऊल होय.