ऑक्सिडेशन नंबर: नियम पाठ झाले, व्याख्या मागे राहिली

सुट्टीत मालेगावला आले (आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, नाशिकच्या मालेगावशी गफलत नको) की अभ्यासिकेत एक चक्कर होतेच. या वेळी पीएच.डी. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने वही पुढे सरकवली. "ताई, क्रोमियम पेरॉक्साइड. एक क्रोमियम, पाच ऑक्सिजन. माझं उत्तर +१० येतंय, की मध्ये +६ आहे. की चुकलीय का?"

की बरोबर होती. त्याचं गणितही बरोबर होतं. ऑक्सिजन -२, पाच ऑक्सिजन -१०, म्हणून क्रोमियम +१०. पण क्रोमियमच्या बाहेरच्या कक्षांत इलेक्ट्रॉन आहेतच सहा. उरलेले चार आणायचे कुठून, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. याचा दोष मी त्याला देत नाही. आपण सगळे ज्या पुस्तकावर वाढलो, त्याकडे एकदा नीट बघू.

एनसीईआरटीचं अकरावीचं रसायनशास्त्र, रेडॉक्स अभिक्रियांचं प्रकरण. नीटपासून नेटपर्यंत आपण तेच उघडतो. त्यात व्याख्या नाही असं नाही. सहसंयुज बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी जास्त विद्युतऋण मूलद्रव्याची धरायची, हे तिथे एका वाक्यात सांगितलंय. लगेच सहा नियम येतात, आणि पुढची उदाहरणं त्या नियमांवर सुटत जातात. परीक्षेलाही नियमच लागतात. मग ते एक वाक्य कोण परत वाचतंय?

आयुपॅकने २०१६ मध्ये व्याख्या नव्याने मांडली. त्याआधी पावेल कारेन आणि सहकाऱ्यांचा सविस्तर अहवाल २०१४ मध्ये आला होता. गाभा सोपा आहे. दोन वेगळ्या मूलद्रव्यांमधला बंध पूर्ण आयनिक आहे असं मानायचं, आणि मग अणूवर जो भार उरेल तो त्याचा ऑक्सिडेशन नंबर. बंध एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंमधला असेल तर इलेक्ट्रॉन अर्धे-अर्धे वाटायचे.

आता क्रोमियमकडे या. रचना काढा: एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने, बाकीचे चार दोन पेरॉक्सो जोड्यांमध्ये. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध निम्मा वाटला की ते चारही -१. म्हणजे २ + ४, उत्तर +६. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्लयुक्त डायक्रोमेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून ईथरच्या थरात निळा रंग पाहिला असेल, तेच हे संयुग. "पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन -१" हा अपवाद पुस्तकात आहेच. पण संयुगात पेरॉक्साइड बंध आहे की नाही, हे नियम सांगत नाही, रचनाच सांगते.

त्या प्रकरणाला श्रेय द्यायचं तिथे देते. अपूर्णांकी ऑक्सिडेशन नंबरवरचा भाग चांगला आहे. टेट्राथायोनेटमधल्या गंधकाची सरासरी २.५, पण अणू सुटे पाहिले तर +५, ०, ०, +५, हे तिथे रचना काढून दाखवलंय. माझ्या मते प्रकरणाची सुरुवातच इथून व्हायला हवी होती.

माझी खरी तक्रार मॅग्नेटाइटबद्दल आहे. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. नाल्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवल्यावर जे काळे कण चिकटतात, ते बहुतेक मॅग्नेटाइटच्याच घरातले, फक्त त्यांत टायटॅनियमही असतं. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये तीन लोखंडाला चार ऑक्सिजन, सरासरी +८/३. पुस्तक सांगतं की ही सरासरी, प्रत्यक्षात एक +२ आणि दोन +३. सुटला प्रश्न?

मीही तसंच समजत होते. उलट मी त्याहून वाईट केलं. पहिल्या प्रगती सेमिनारमध्ये स्लाइडवर लिहिलं, "लोखंडाचा चार्ज +२.६७". समोरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या लोखंडाचा?" माझी बोलतीच बंद. एक्सपीएसचे पीकही मी लोखंड एकाच प्रकारचं धरून फिट केले होते. दोन महिन्यांचं काम परत करावं लागलं.

मग वाचत गेले. मॅग्नेटाइटमध्ये चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागी +३ लोखंड बसतं. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागांवर निम्मं +२, निम्मं +३. पण खोलीच्या तापमानाला या दुसऱ्या जागांवरचा इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने उड्या मारतो, की मॉसबावर स्पेक्ट्रममध्ये तिथली सगळी लोखंडं सारखीच, +२.५ च्या आसपासची दिसतात. म्हणजे इथे अपूर्णांक नुसता कागदावरचा नाही! साधारण १२० केल्विनच्या खाली चित्र बदलतं (व्हर्वे, १९३९), आणि तिथेही +२, +३ अशी सरळ वाटणी होत नाही. २०१२ मध्ये रचना उलगडली तेव्हा इलेक्ट्रॉन तीन-तीन लोखंडांच्या गटांत पसरलेला सापडला. "एक +२, दोन +३" हा हिशोब समीकरण बॅलन्स करायला चालतो. थीसिसमध्ये लिहिताना आपण हिशोब सांगतोय की मोजमाप, हे स्पष्ट लिहा. व्हायव्हात नेमकं तिथेच पकडतात.

आणि नोट्समध्ये "कमाल ऑक्सिडेशन नंबर +८" असेल तर खोडा. एका इरिडियमला चार ऑक्सिजन असलेल्या धन आयनात इरिडियमचा +९ नंबर २०१४ मध्येच वायू अवस्थेत नोंदवला गेलाय.

ज्युनिअरला मी हायपो दिला, म्हणजे थायोसल्फेट. नियमाने दोन्ही गंधक +२. त्याने रचना काढली. गंधक-गंधक बंध एकेरी धरला तर -१ आणि +५ आले, दुहेरी धरला तर ० आणि +४.

"मग खरं कोणतं, ताई?"

बंधाची लांबी बघ, म्हटलं. ती साधारण २.० अँगस्ट्रॉम आहे. गंधकाच्या आठ अणूंच्या कड्यातला एकेरी बंध २.०५ च्या आसपास असतो. त्याने -१ आणि +५ ला गोल केला, आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं: "बंध एकेरी मानल्यास".