निकालपत्रातला बिननावाचा विद्यार्थी

आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे, आणि अनुसूचित जमातींचे दाखले तपासणारी समितीही नाशकात आहे. प्रवेशाचे दिवस आले की पेठ-सुरगाण्याची मुले बापाबरोबर कागदांची पिशवी घेऊन इथे खेटे घालतात. या मुलांना शिकवणारा म्हणून खोट्या दाखल्यांवरची निकालपत्रे मी वाचत आलो. वाङ्मय वाचतो तशीच वाचली : यात कोण बोलतो आणि कोणाला बोलूच दिलेले नाही, हे पाहत.

सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००० चा ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद’ हा निकाल घ्या. प्रकरण खाडाखोडीचे नव्हते, नामसाम्याचे होते. ‘हलबा कोष्टी’ म्हणजे ‘हलबा’ नव्हे आणि राष्ट्रपतींच्या यादीत न्यायालयाला भर घालता येत नाही, हे तिथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पण शेवटी लेखणी मऊ होते. १९८५-८६ साली राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेश घेतलेल्याची पदवी अबाधित राहते. का? पंधरा वर्षे लोटली, सार्वजनिक पैसा खर्च झाला, समाज एका डॉक्टरच्या सेवेला मुकेल. जमातीचा एक उमेदवार या प्रवेशामुळे वंचित झाला, हेही निकाल मान्य करतो. एका वाक्यात! लगेच पुढे सरकतो. त्या उमेदवाराला नाव नाही, गाव नाही. त्याची पंधरा वर्षे कुणी मोजली? आणि तो डॉक्टर झाला असता तर ज्यांची नाडी त्याने पाहिली असती, ती माणसे ‘समाज’ या शब्दात बसतात की नाही?

याआधी २ सप्टेंबर १९९४ रोजी माधुरी पाटील प्रकरणात याच न्यायालयाने पडताळणीची पंधरा कलमी पद्धत घालून दिली, दक्षता पथक आणले. तरी ज्या बहिणीचा अभ्यासक्रम संपला होता तिला शेवटच्या परीक्षेला बसू दिलेच. वेळ काढायचा, स्थगिती मिळवायची, शिक्षण उरकायचे आणि मग दयेचा अर्ज करायचा, ही वाट अशी रुळली. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम २३ ने पदवी रद्द करण्याची आणि सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद केली. ६ जुलै २०१७ च्या बहिरा निकालाने सहानुभूतीचे दार लावले. मंत्रालयाने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने खिडकी उघडली : दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य पदे!

आणि कठोरपणा कोणाच्या वाट्याला येतो? समिती १९५० पूर्वीचा कागद मागते. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, त्याने तो कुठून आणावा? लबाडाचा कागद मात्र चोख असतो. मग कुलदैवते, लग्नविधी, मर्तिकाच्या चाली विचारल्या जातात. आश्रमशाळेत वाढलेला पोर अडखळतो. बनावट जमातवाला पाठ करून येतो. ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे, हे न्यायालयाला २४ मार्च २०२३ रोजीही सांगावे लागले.

आमचे काही मित्र म्हणतात, हे बोलू नका, राखीव जागांचे वैरी टपलेले आहेत. ते टपलेलेच राहणार. चोरी झाली म्हणून कोणी धान्याचे कोठार जाळत नाही.

माझी मागणी लहान आहे. प्रवेश अवैध ठरला की त्या वर्षीची गुणवत्ता यादी फायलीत जोडा आणि त्याच्या खालचे नाव निकालपत्रात लिहा. ते नाव शोधायला दक्षता पथक लागत नाही. यादीतच असते.