कट आणि कथानक : ट्रेसी लेट्स यांचे 'बग'

ट्रेसी लेट्स या अमेरिकन नाटककाराचे 'बग' हे नाटक १९९६ साली लंडनच्या गेट थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. ओक्लाहोमा शहराजवळील एका मोटेलची खोली एवढेच त्याचे स्थळ. तेथे एकटी राहणारी अ‍ॅग्नेस आणि आखाती युद्धातून आलेला सैनिक पीटर यांची गाठ पडते. आपल्या शरीरात सैन्याने कीटक सोडले आहेत, या पीटरच्या धारणेत ती हळूहळू सामील होते आणि अखेरीस दोघे स्वतःला पेटवून घेतात. एकाचा भ्रम निकटच्या दुसऱ्याला जडणे ही मनोविकारशास्त्राला परिचित अवस्था आहे आणि या नाटकाचे वाचन बहुधा तिच्याच आधारे होते. परंतु त्या वाचनात अ‍ॅग्नेस ही केवळ संसर्गाची बळी ठरते. संहिता तसे म्हणत नाही.

नाटकाचा आरंभच पाहावा. पीटर येण्यापूर्वी खोलीतला टेलिफोन वाजतो. पलीकडून कोणी बोलत नाही. अ‍ॅग्नेस त्या मौनाला तुरुंगातून सुटलेल्या आपल्या पूर्वीच्या नवऱ्याचे नाव देते. रिकाम्या जागी कर्ता बसवण्याची सवय तिला आधीचीच आहे. तिचा मुलगा लॉइड काही वर्षांपूर्वी दुकानातून नाहीसा झाला. प्रेत नाही, गुन्हेगार नाही, कारणही नाही; शोक करायचा तर कशाचा, हेच तिला ठाऊक नाही. पीटरकडून तिला जे मिळते ते मुख्यतः कारण आहे. कीटक त्यामागून येतात.

तिच्या अखेरच्या दीर्घ भाषणात हरवलेला मुलगा, नवरा, मैत्रीण, पीटरचे येणे असे सर्व तुकडे एका सूत्रात ओवले जातात. इंग्रजीत 'प्लॉट' हा एकच शब्द कट आणि कथानक या दोहोंसाठी वापरला जातो. हा श्लेष येथे अक्षरशः नाट्यरूप घेतो. घटना केवळ एकीनंतर दुसरी अशा नसाव्यात, एकीमुळे दुसरी घडावी, ही अ‍ॅरिस्टॉटलची अपेक्षा अ‍ॅग्नेस तंतोतंत पूर्ण करते. तिला अभिज्ञानही होते. ईडिपसचे अभिज्ञान सत्य असते, हिचे असत्य; तरी रंगमंचावर त्याची शक्ती उणावत नाही. या नाटकातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मला हीच वाटते.

येथे श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायाची आठवण होते. नट हा राम आहे ही प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय व सादृश्य या चारींहून वेगळी असते, असे तो म्हणतो. 'बग'मध्ये कीटक दिसत नाहीत. नट चिमटीत 'काहीतरी' धरतो आणि आपण ते मान्य करतो; गवळणीत एका फेरीत मथुरेचा बाजार मान्य करतो तसेच. म्हणजे अ‍ॅग्नेसच्याही आधी पीटरवर विश्वास ठेवणारा असतो प्रेक्षक! पुढे डॉक्टर स्वीट येतो तेव्हा शंकुकाने वगळलेला संशयच प्रतीतीत शिरतो. तो संशय निराधारही नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ या काळात टस्कीगी येथे उपदंशाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून निरीक्षणाखाली ठेवले होते, हे जाणणारा प्रेक्षक पीटरला सहज हसू शकत नाही.

विल्यम फ्रीडकिन यांच्या २००६ च्या चित्रपटाची पटकथा लेट्स यांचीच, आणि पहिल्या प्रयोगातील मायकेल शॅनन यांनीच तेथेही पीटर साकारला. तरीही कॅमेरा जवळ जाऊ शकतो म्हटल्यावर 'काही दिसत नाही' हा पुरावा होऊन बसतो. नाट्यगृहातले अंतर तो होऊ देत नाही.

एक उणीव मात्र नोंदवावी लागते. पीटर स्वतःचा दात उपटतो त्या प्रसंगाची शारीर भीषणता इतकी आहे की, त्यानंतर येणारी अ‍ॅग्नेसची तर्कमालिका ऐकण्याइतका प्रेक्षक सावध उरत नाही. ते भाषण वाचताना जेवढे उलगडते, तेवढे प्रयोगात उलगडेलच याची खात्री नाटककाराने घेतलेली नाही.