हलकी थैली आणि उत्तरेची वाट

प्रवासवर्णन वाचतांना ग्रंथकाराच्या थैलींत किती पैसे होते, हा प्रश्न सभ्य वाचक सहसा विचारीत नाहीं. आमच्या मतें तो प्रथम विचारला पाहिजे. कारण गांव कोणत्या दारानें दिसलें हें पुष्कळदां त्यावर ठरतें. श्रीमंत प्रवाशाला दर्शनी दरवाजा उघडतो, गरीब प्रवासी परसदारानें आंत शिरतो, आणि घराची खरी हकीकत परसदारींच कळते, असा एक समज आहे. हल्लीं आपल्याकडील तरुण मंडळी स्वस्तांतलें तिकीट काढून, पाठीवर पिशवी टाकून कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो पाहून येतात आणि आपले अनुभव लिहितात. त्या लेखनाच्या मुळाशींही हाच समज असतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अशीच एक वही अभिप्रायासाठीं आमच्याकडे आणून दिली. अभिप्राय देण्यापूर्वीं आम्हीं कपाटांतून दोन जुनीं पुस्तकें काढून पुन्हां वाचलीं. दोन्ही युरोपच्या उत्तर भागाचींच आहेत. एक इंग्लंडविषयीं, दुसरें स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क यांविषयीं.

पहिलें पुस्तक कार्ल फिलिप मॉरित्स या जर्मन लेखकाचें. बालपण दारिद्र्यांत गेलेला, कांहीं काळ टोप्या करणाऱ्याकडे उमेदवारी केलेला हा तरुण पुढें बर्लिनमध्यें शिक्षक झाला. १७८२ च्या उन्हाळ्यांत तो इंग्लंडांत आला, आणि लंडन पाहून झाल्यावर रिचमंडपासून पुढें पायीं निघाला. जवळ बेताचे पैसे आणि खिशांत मिल्टनचें महाकाव्य. त्या काळीं इंग्लंडांत सभ्य मनुष्य घोड्यावरून किंवा गाडींतून जाई. पायीं चालणारा म्हणजे एक तर भिकारी, नाहींतर कोणी संशयित, अशी लोकांची समजूत. कुंपणाच्या सावलींत बसून काव्य वाचणाऱ्या ह्या परदेशी माणसाकडे वाटसरू टकमका पाहत. विंडसर येथें सराईच्या नोकरांनीं त्याला तुच्छतेनें वागविलें. नेटलबेड ह्या खेड्यांत मात्र त्याला आसरा मिळाला, तोही स्वयंपाकघरांत. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. त्यानें स्वच्छ सदरा चढविला, आणि त्याच घरानें त्याला बैठकीच्या खोलींत बसविलें. आदल्या दिवशींचें साधें संबोधनही बदलून आदराचें झालें. एका सदऱ्यानें माणसाची पायरी बदलते, हें एखाद्या विद्वान समाजशास्त्रज्ञाला चार प्रकरणांत सांगावें लागलें असतें. मॉरित्सनें तें अंगावर सोसून चार ओळींत सांगितलें आहे.

ऑक्सफर्डचा त्याचा प्रवेश तर विनोदी कादंबरींत शोभण्यासारखा आहे. कोठेंच जागा न मिळाल्यामुळें रात्रीं उघड्यावर निजण्याची वेळ आली, तोंच वाटेंत एक पाद्री भेटला आणि त्याला शहरांतल्या एका सराईंत घेऊन गेला. तेथें अपरात्रीं कित्येक पाद्री बिअरचे पेले पुढें ठेवून बायबलांतील वचनांचा खल करीत बसले होते. ज्या विद्यापीठाचें नांव आम्ही विद्यार्थिदशेंत हात जोडून घेत होतों, त्याचें हें दर्शन त्याला थैली हलकी होती म्हणूनच घडलें.

परंतु ह्याच ठिकाणीं मॉरित्सची मर्यादाही दिसूं लागते. नेटलबेडवर तो इतका लुब्ध झाला कीं, तेथून त्याचा पाय निघेना. ह्या प्रीतीचें कारण खेड्याचें सौंदर्य जितकें, तितकेंच तेथें मिळालेलें अंथरूण. जेथें दार उघडलें तें गांव सुंदर, जेथें मिटलें तें रूक्ष, असा त्याचा नकाशा आहे. स्वयंपाकघरांत बसविलें म्हणून तो खंतावला. पण त्या स्वयंपाकघरांत जीं माणसें जन्मभर बसलीं होतीं, तीं काय खात होतीं, किती मिळवीत होतीं, हें त्यानें फारसें विचारलेलें दिसत नाहीं. लंडनमधील त्याची घरवाली, एका शिंप्याची विधवा, मिल्टन वाचीत असे, ही सुंदर नोंद त्यानें केली आहे. त्याची नजर तीक्ष्ण होती यांत संशय नाहीं. परंतु बहुतेक ठिकाणीं ती परतून स्वतःच्याच जखमेकडे वळते.

दुसरें पुस्तक मेरी वुल्स्टनक्राफ्टबाईंचें. १७९६ सालीं प्रसिद्ध झालेलीं पंचवीस पत्रें. स्त्रियांच्या हक्कांचें समर्थन करणारा त्यांचा ग्रंथ १७९२ सालचा. तो आपल्या वाचकांना नांवानें तरी परिचित आहे. १७९५ च्या उन्हाळ्यांत बाई वर्षाची मुलगी व एक दासी बरोबर घेऊन गोथेनबर्गच्या किनाऱ्यावर उतरल्या. मुलीचा बाप इम्ले हा अमेरिकन व्यापारी. त्याच्याच एका जहाजाच्या भानगडीसाठीं हा प्रवास होता, आणि तो माणूस तर त्यांच्यापासून दुरावत चालला होता. निघण्यापूर्वीं आणि परत आल्यावरही बाईंनीं जीव देण्याचा प्रयत्न केला. पुस्तकांत कामाचा उलगडा नाहीं. दुःख मात्र ओळीओळींतून झिरपतें. त्यांच्याजवळ भाड्याची गाडी होती, ओळखीचीं पत्रें होतीं. मॉरित्ससारखें त्यांना कोणी दारांतून हाकलून दिलें नाहीं. परंतु ही सारी सोय उसनी होती. बाई लेखणीवर पोट भरणाऱ्या. आयर्लंडांतील एका उमरावाच्या घरीं मुलींना शिकविण्याची नोकरी त्यांनीं केली होती, म्हणजे दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या जिन्यावर त्या राहून आल्या होत्या.

त्या जिन्यावरून शिकलेली नजर पुस्तकभर जागी आहे. सृष्टिवर्णनांत त्यांची बरोबरी करणारे थोडे. उत्तरेकडील उन्हाळ्यांतली न मावळणारी संध्याकाळ, देवदारांचीं राने, खडक आणि समुद्र यांच्यामध्यें कोंडलेलें, त्यांना कैदखान्यासारखें वाटलेलें रिसोर गांव, हीं चित्रें आजही ताजीं आहेत. पण आम्हांला ज्या पानावर थांबावें लागलें तें निराळें. स्वीडनमधील मोलकरणींना अन्न हलकें, वेतन तुटपुंजें, हें सांगून बाई लिहितात कीं, हिवाळ्यांत ह्या मुली कपडे धुण्यासाठीं नदीवर जातात, बर्फानें त्यांचे हात फाटून रक्त येतें, आणि बरोबरचे पुरुष नोकर कपड्यांचें पातेलें उचलूं लागत नाहींत. त्यानें त्यांच्या पुरुषपणाला बाध येतो!

येथें वाचकानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बाई तेथें होत्या उन्हाळ्यांत. बर्फानें फाटलेले हात त्यांनीं पाहिले नव्हते. हें ऐकून लिहिलें आहे, असें त्या स्वतःच सांगतात. म्हणजे त्या पुस्तकांतील सर्वांत जिवंत चित्र डोळ्यांनीं आणलेलें नाहीं, आणि हलक्या थैलीनें तर नाहींच नाहीं. तें आणलें आहे प्रश्नानें. हिवाळ्यांत कपडे कोण धुतें, हें त्यांनीं कोणाला तरी विचारलें असेल, किंवा कोणी सांगूं लागतांच लक्ष देऊन ऐकलें असेल. मॉरित्सला स्वयंपाकघरांत बसविलें गेलें. बाई दिवाणखान्यांतून उठून स्वयंपाकघराकडे पाहूं लागल्या. ह्या दोहोंत आम्ही दुसरीला वरची जागा देतों.

बाई निर्दोष आहेत असें मात्र नाहीं. कोपनहेगनला त्या पोंचल्या तेव्हां त्याच वर्षींच्या जून महिन्यांतल्या मोठ्या आगीनें शहर होरपळलेलें होतें. आपण शहर वाईट स्थितींत पाहत आहों, असें कबूल करूनही आग पसरल्याचा दोष त्यांनीं नागरिकांच्या स्वार्थावर ठेवला. व्यापाऱ्यांविषयींचा त्यांचा कडवटपणा हॅम्बर्गला पोंचेपर्यंत इतका वाढतो कीं, शहरापेक्षां इम्लेच त्यांना अधिक दिसतो. थैलीप्रमाणें हृदयाची जखमही नजर वांकडी करते. परंतु जेथें त्या विचारतात तेथें चुकत नाहींत. जेथें घाईनें न्याय देतात तेथेंच चुकतात.

आतां त्या वहीविषयीं. आमच्या विद्यार्थ्यानें वीस दिवसांत तीन राजधान्या पाहिल्या. कॉफीच्या पेल्याचा भाव वहींत चार ठिकाणीं आहे, निजण्याच्या जागेचें भाडें प्रत्येक पानावर आहे, काटकसरीच्या युक्त्या तर विपुल आहेत. कॉफी देणाऱ्याचा चेहरा मात्र एकदांही नाहीं. काटकसर हा गुण खरा, पण ती दृष्टि नव्हे. उत्तरेकडील शहरें महाग आहेत हें कळण्यासाठीं एवढ्या दूर जावें लागत नाहीं. तीं कोणाच्या श्रमांवर इतकीं स्वच्छ राहतात, हें कळण्यासाठीं कदाचित् जावें लागेल. कदाचित् तेंही नाहीं. पौष महिन्यांत आपल्या मोरीवर कोणाचे हात गार पाण्यांत असतात, हें आम्हीं तरी आपल्या घरीं कितीदां विचारलें आहे?

वहीच्या शेवटच्या पानांवर एक ओळ आहे. पहाटे सामायिक खोलींतील चादरी बदलावयास आलेल्या बाईला त्यानें विचारलें, तुम्ही मूळच्या कोठच्या? ती काय म्हणाली तें त्यानें लिहिलेलें नाहीं. बहुधा गाडीची वेळ झाली असावी. आम्हीं त्या ओळीखालीं पेन्सिलीनें रेघ ओढून वही परत पाठविली आणि त्याला एवढेंच कळविलें कीं, तुझें पुस्तक येथून सुरू होतें.