ओक्स एम्स यांची टिपणवही व पत्रें

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानचे ओक्स एम्स (१८०४–१८७३) हे फावड्यांचे कारखानदार; १८६३ पासून दहा वर्षें ते तेथील प्रतिनिधिसभेचे सभासद होते. युनियन पॅसिफिक रेल्वे बांधणाऱ्या क्रेडिट मोबिलिअर कंपनीचे शेअर त्यांनीं इतर सभासदांस बाजारभावापेक्षां कमी किंमतींत दिले, म्हणून १८७३ मध्यें सभेनें त्यांचा निषेध केला. घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस मात्र सोडून दिलें. पुढें १८८३ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळानें एम्स यांच्या सचोटीची ग्वाही दिली. यांपैकीं एका ठरावावर भिस्त ठेवून त्यांस खलपुरुष किंवा हुतात्मा ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. ठराव हा सभेच्या मताचा पुरावा होय, कृत्याचा नव्हे.

कृत्याचा पुरावा कागदांत आहे. एम्स यांनीं चौकशींत आपली टिपणवही पुढें केली. तींत कोणास किती दिलें हें दिसतें, कां दिलें हें दिसत नाहीं. शिवाय ती आरोपानंतर आरोपीनेंच दाखविलेली. उलट, भागीदार मॅकोम यांस लिहिलेलीं १८६८ सालचीं पत्रें चौकशीच्या सुमारें पांच वर्षें आधींचीं. शेअर जेथें अधिक उपयोगी पडतील तेथें ठेवल्याचा आशय त्यांत स्पष्ट आहे. पत्रामागील नांवांची यादी मात्र मॅकोम यांच्या हातची. ती एम्स यांच्या माथीं मारूं नये.

सारांश, रकमा वहीवरून व हेतु पत्रांवरून ठरवावा. अक्षर कोणाचें व तें केव्हांचें, हें पाहिल्यावांचून कोणासही दोषी वा निर्दोष म्हणूं नये.